मुकी गौर

रिक्षा खड्ड्यात आपटली तेव्हा कमळच्या तोंडून 'आई गं' निघता निघता राहिलं. तिने ओठ दातांखाली धरला, मांडीवरचं सूप दोन्ही हातांनी आवळलं आणि डोळे मिटून घेतले. सुपातला तेरडा हनुवटीला लागला, ओला आणि गार. शब्द बाहेर पडला नव्हता. नुसता 'आ' निघाला असेल, पण 'आ' म्हणजे काही शब्द नव्हे, असं तिने स्वतःला बजावलं, आणि बजावता बजावताच तिला स्वतःची चीड आली. पन्नाशी उलटलेली बाई, घरात सून आलेली, खाली चाळभर भाडेकरू 'भाभी भाभी' करत मागेपुढे फिरणारे, आणि ही मांडीवर रानातला पाला घेऊन 'आ' धरला जातो की नाही याचा विचार करत बसली होती. तिकडे तिच्या बापाच्या शेताचा सौदा तिच्या तोंडावर झाला होता आणि तिला साधं 'ऊं' करता आलं नव्हतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. फक्त इथे तोंड दुसऱ्या कुणी दाबलं नव्हतं, तिचं तिनेच दाबलं होतं, आणि वर त्याला देवाचं नाव होतं.

गौर मुक्याने आणायची. बांधावर पहिला तेरडा मोडला की तोंड मिटायचं, ते घरच्या उंबऱ्यात सुनेने पायावर पाणी घालून 'कोण आली' म्हणून विचारलं की मगच उघडायचं. तोवर कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही, सूप भुईला टेकवायचं नाही. चुकून बोललं गेलं किंवा सूप टेकलं, तर ती गौर गेली. तो सगळा पाला ओहळात सोडायचा आणि परत बांधावर जाऊन नवा मोडायचा. हा नेम ज्या कुणा बाईने घातला तिचं घर शेताला लागून असणार. बांधावरून उतरायचं, चिंचेखालून वळायचं की अंगण. एवढ्या वाटेत गप्प राहायला काय लागतं? त्या बाईला काय माहीत, की पुढे तिच्या लेकी लग्न होऊन भिवंडीत कामतघरला जातील, सासरची शेतं विकून तिथे चाळी आणि कापडाचे लूम उभे राहतील, सासरच्या हद्दीत तेरड्याचं पान मिळेनासं होईल, आणि मग गौरीच्या सकाळी पडघ्याच्या अलीकडे माहेरच्या बांधावर जाऊन, कंटेनरांच्या मधून, धूर खात, तोंड मिटून यावं लागेल. नेम होता तेवढाच राहिला आणि वाट लांबली. कमळने तिच्या परीने थोडी सवलत घेतली होती. सूप डोक्यावरून मांडीवर घेतलेलं चालतं, असं तिने रिक्षात बसायला लागल्यापासून ठरवून टाकलं होतं. पण न बोलण्याला सवलत नव्हती.

"भाभी, आप तो बोलेंगी नहीं, तो मैं ही बोलता हूँ," रामू पुढून म्हणाला. रामू त्यांच्याच चाळीत राहायचा. पूर्वी खालच्या शेडमध्ये लूम चालवायचा. लूम बंद पडले तेव्हा गावाला जाऊन आला आणि रिक्षा घेतली. दर वर्षी गौरीच्या दिवशी तोच तिला न्यायचा, कारण त्याला काही सांगावं लागत नसे. "मेरी अम्मा भी छठ में ऐसे ही करती हैं. बहुत कड़क. आप पाँव संभालिए, आगे पूरा रोड खुदा है." तो बोलत राहिला. त्याच्या गावच्या आंब्याबद्दल, भावाच्या लग्नाबद्दल, गॅसच्या रांगेबद्दल. एरवी कमळला त्याची बडबड आवडे. आज तिला वाटत होतं की जगातल्या प्रत्येकाला तोंड आहे आणि ते चालू आहे.

मनोजचं तोंड तर काय. मनोज तिचा धाकटा भाऊ. आज सकाळी ती बांधावर उतरली तेव्हा तो कुठे दिसला नव्हता. वहिनी दिपालीने अंगणातूनच हात केला होता आणि हाताने चहाची खूण करून विचारलं होतं, परत येताना घेणार का. कमळने मान हलवली होती. मग ती एकटीच होती, आणि ते तिला हवंच होतं. वर्षातली ही एक सकाळ तिची असायची. ओहळाच्या कडेने बांध वर चढत जातो. त्या बांधावर तेरडा गुडघ्यापर्यंत गुलाबी माजलेला होता, आणि कुंपणाच्या करवंदीवर कळलावी चढली होती. पानांची टोकं वळवून वळवून ती करवंदीला धरून वर जाते आणि टोकाला लाल-पिवळी फुलं उघडते, पाकळ्या मागे वळलेल्या. आई त्याला गौरीचे हात म्हणायची. तेरड्याच्या जुडीला साडी नेसवायची आणि दोन बाजूंना कळलावीची फुलं खोचायची, की गौरीला हात आले. कमळने आधी नुसतं पाहून घेतलं होतं. शेरवडीची पांढरी पानं कुठे आहेत, यंदा कवंडळाला फळ धरलंय का, हळदीची रुंद पानं दिपालीच्या परसातून घ्यावी की ओहळाकाठची. पाहून घेणं हा मोडण्यापेक्षा मोठा आनंद होता, हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर केसरीनाथ हसला असता. तिचा नवरा वाईट माणूस नव्हता, पण त्याला पाहण्यातलं काही कळत नसे. त्याला घेण्यातलं आणि देण्यातलं कळे.

कळलावी कधी उपटायची नाही, वरून मोडायची. खाली कांदा असतो, तो राहिला पाहिजे, मग पावसाळा सरला की वरचं सगळं वाळून जातं आणि पुढल्या वर्षी त्याच जागी पुन्हा उगवतं. कमळने एकदा हे मोडलं होतं. शहरात गौरीसाठी वणवण करून कंटाळली तेव्हा तिने इथला एक कांदा खणून नेला आणि गच्चीतल्या कुंडीत लावला. वाटलं, घरचीच असावी, कुणाच्या तोंडाकडे बघायला नको. कुंडीत दोन पानं आली आणि पिवळी पडली. आजूबाजूच्या लूमचा कापसासारखा भुगा गच्चीवर सदा उडत असतो, तो त्यांच्यावर बसायचा. ज्या जागी कांदा खणला होता ती जागा अजून रिकामी आहे, आणि दर वर्षी बांधावर आल्यावर तिचे डोळे आधी तिथेच जातात. त्या आधीची वणवणही तशीच होती. सुरुवातीला पाइपलाइनच्या रस्त्याला शेरवड मिळायची, मग तिथे गॅरेज झालं. मग वऱ्हाळा तलावाच्या अंगाला थोडा तेरडा मिळायचा, तो जॉगिंग ट्रॅकखाली गेला. एका वर्षी ती एका गोदामाच्या मागच्या भिंतीला कळलावी दिसली म्हणून आत शिरली, तर वॉचमनने शिट्टी मारली. "क्या चाहिए?" त्याने विचारलं, आणि तिला 'फुलं' असं म्हणायला लाज वाटली. बाजारात तेरड्याच्या जुड्या मिळतात, लूमच्या टाकाऊ सुताने बांधलेल्या. त्या घेऊन कामही होतं. पण विकत आणलेल्या गौरीला मुक्याने आणायचं म्हणजे भाव कसा करायचा, असं ती एकदा गमतीत म्हणाली होती आणि सगळे हसले होते.

आज तिने पहिला तेरडा मोडला. देठात पाणी असतं, मोडताना कट् असा आवाज येतो, आणि त्या आवाजाबरोबर तिचं तोंड मिटतं. मग तिने सूप भरलं, सावकाश, कुठेही ओरबाडल्यासारखं दिसणार नाही असं. सूप डोक्यावर घेतलं, दोन्ही हातांनी धरलं, आणि बांधाच्या टोकाला आली, तर समोर मनोज. त्याच्याबरोबर पांढऱ्या शर्टातला एक माणूस, पायात चिखल लागू नये म्हणून पँट दुमडलेली. बाजूच्या शेतात गोदामासाठी भराव आधीच पडलेला होता, लाल मुरमाचा, शेताच्या वर पुरुषभर उंच, आणि त्या उंचीवरून तो माणूस खाली उतरून आला होता.

"आक्का," मनोज म्हणाला, "बरा झाला भेटलीस. हे साहेब आलेत. यांना फक्त तुझ्या तोंडून ऐकाचा हाय."

कमळ थांबली. तिला वाटलं तो विसरला असेल.

"आमच्या शेटना मागून कटकट नको, ताई," तो माणूस अदबीने म्हणाला. "बहिणींची हरकत असली की कामं अडकतात. म्हणून म्हटलं समोरासमोर विचारून घेऊ."

"हां. तर आक्का, तुझी हरकत असंल तर बोल. आताच्या आता बोल, मी साहेबांना परत धाडतो. माझा काय हट्ट न्हाय." आणि तो थांबला. त्याने तिच्या डोक्यावरच्या सुपाकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे, मग ओहळाकडे. तेव्हा तिला कळलं की तो विसरलेला नाही. "बोल ना. न्हाय बोलत?" त्याने बरंच थांबल्यासारखं केलं. "बघा साहेब. आक्काचं काय म्हननं न्हाय."

एवढंच झालं. त्या माणसाने तिला हात जोडून नमस्कार केला, बहुतेक सुपातल्या गौरीला केला. आणि कमळ चालायला लागली, कारण दोन्ही हात वर अडकलेले, मानेवर ओलं ओझं, तोंड मिटलेलं, अशा बाईला चालण्यापलीकडे करता येण्यासारखं काही नसतं. अंगणातून दिपालीने चहाचा कप वर करून दाखवला. कमळने तिच्याकडे पाहिलंच नाही. सूप खाली ठेवता आलं असतं, हे तिला रिक्षात बसल्यावर सुचलं. नुसतं खाली ठेवायचं. पण ते सुचलंच नाही, आणि का सुचलं नाही हे तिला नीट माहीत होतं.

ती नववीत असतानाची गोष्ट. तेव्हा गौर आणायचं काम घरच्या मोठ्या लेकीचं, म्हणजे तिचं. मनोज आठ-नऊ वर्षांचा असेल. तिला बोलायला लावायचं हा त्याचा गौरीच्या दिवसाचा खेळ. मागून वेणी ओढायची, परकराला बेडूक लावायचा, समोर उलटा चालत तोंडं वेडावायची. ती हसू दाबून दाबून डोळ्यांत पाणी येईपर्यंत चालायची. त्या दिवशीही तो तसाच समोर उलटा चालत होता, बांधावरून, हात हलवत, आणि त्याच्या टाचेमागे बांधाच्या बिळातून फुरसं अर्धं बाहेर आलं होतं. ती ओरडली, "मन्या, साप." तो उडी मारून ओहळात पडला. फुरसं गेलं. आई धावत आली आणि आधी मन्याला पोटाशी धरलं, सगळं अंग चाचपलं, आणि मग तिच्याकडे वळली. मारलं नाही. फक्त सूप हातातून घेतलं, सगळा तेरडा ओहळात सोडला, आणि म्हणाली, "परत जा. मुक्यानं." संध्याकाळ होत आली होती आणि तिला त्याच बांधावर, त्याच बिळापाशी एकटीला जायचं होतं. ती गेली. पुढच्या वर्षापासून आईने गौर आणायचं काम चुलत बहिणीला दिलं. कारण विचारलं तर म्हणायची, आमच्या कमळच्या तोंडाला कुलूप न्हाय. हळूहळू ते सगळ्या गावाच्या तोंडी झालं. लग्न ठरतानाही कुणीतरी ते हसत हसत सांगितलं, आणि केसरीनाथच्या आईने तिला पहिल्या दिवशी म्हटलं होतं, ऐकलंय मी, तोंड जरा चालतं तुझं. त्यानंतर ते चाललं नाही. तीसेक वर्षं सगळे म्हणत आले, कमळ म्हणजे एकदम शांत, तिचा काही त्रास नाही. त्या शेवटच्या वाक्याचा तिला फार राग होता आणि तो तिने कुणाला सांगितला नव्हता.

फोन वाजला. पर्समध्ये, सुपाच्या खाली, मांडीवर थरथरत राहिला. रुचिका असणार. सुनेचं सगळं तयार असणार, उंबऱ्यात रांगोळीची पावलं, तांब्यात पाणी. रुचिकाने यंदा कापडी पानांच्या माळा आणल्या होत्या, हुबेहूब. "आई, वरती या लावू, म्हणजे मागचं भरलेलं दिसेल. तुमचं सगळं खरं मध्ये," ती म्हणाली होती. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. फक्त 'तुमचं खरं' हा तिच्या सजावटीतला एक कोपरा होता. मुलगा मितेश गोदामात सुपरवायझर. त्याला कमळ काय सांगणार होती, गोदामं नकोत म्हणून? रोजचं दूध त्याच्या ड्युटीतून येत होतं आणि डाळ-तांदूळ चाळीच्या भाड्यातून, आणि चाळ ज्यावर उभी होती ते एके काळी भाताचं शेत होतं. तिथल्या बांधाला कोण रडलं होतं? तिचा स्वतःचा हात दगडाखाली होता. म्हणून मनोजने गेल्या काही वर्षांत जेव्हा जेव्हा विचारलं, तेव्हा तिने ना हो म्हटलं ना नाही. 'बघू' म्हणाली. 'बघू' हा किती सोयीचा शब्द आहे. केसरीनाथ म्हणाला, तुझं माहेर, तुझं तू बघ. तीही म्हणाली, बघू. आणि दर वर्षी बांधावर जाऊन खरोखरच नुसतं बघत राहिली.

निदान वेळ तरी होता. मनोज फोनवर म्हणाला होता, जे काय ते गणपती झाल्यावर. म्हणजे उंबऱ्यात पोचायचं, तोंड उघडायचं, जेवणं झाली की त्याला फोन लावायचा आणि सकाळचं सगळं त्याच्या पदरात घालायचं. ती वाक्यं जुळवू लागली. मन्या, तू मला बांधावर गाठलंस. मन्या, तुला लाज. नाही, लाज नको, लाजेवर तो चिडतो. मन्या, सही मी करणार नाही. पण सहीचं कोण विचारतं? आधी भराव पडतो, सही मागून होते. एकदा मुरूम पडला की शेत शेत राहत नाही, मग मागे राहिलेला माणूस थकून सही करतो. भिवंडीत हे शेंबड्या पोरालाही कळतं. म्हणून तर त्यांना तिची सही नको होती, तिचं गप्प राहणं पुरेसं होतं.

राजनोली नाक्याच्या अलीकडे वाहतूक थांबली. रामूने इंजिन बंद केलं आणि बाहेर मान काढली. पलीकडच्या बाजूने, पडघ्याच्या दिशेने, मुरमाने भरलेले डंपर एकामागे एक चालले होते. वरची ताडपत्री फाटकी, आणि तिच्याखालून लाल पाणी रस्त्यावर ठिबकत होतं.

"देखिए," रामू म्हणाला, "ये सब आप ही के भाई साहब के यहाँ जा रहे हैं. सुबह मैं बाहर खड़ा था ना, वो सफेद शर्टवाला फोन पे बोल रहा था. दीदी का हो गया, गाड़ी भेज दो, आज ही गिरा देते हैं. त्योहार है, कोई देखने नहीं आएगा." त्याने आरशातून तिच्याकडे पाहिलं. "आपको तो मालूम ही होगा."

कमळला मालूम नव्हतं. तिने डंपरांकडे पाहिलं. एक गेला, त्याच्यामागे दुसरा. मांडीवर तेरडा होता, कळलावीचे हात होते, शेरवडीची पांढरी पानं होती, थेंब पडून ताजी. घरी पोचायला अर्धा तास, कदाचित जास्त. तोंड मिटून बसली तर गौर नीट घरी जाईल, साडी नेसेल, हात लावून उभी राहील, सगळे म्हणतील काय सुंदर, रुचिका फोटो काढील. आणि ज्या बांधावरची ती आहे तो बांध तोवर मुरमाखाली गेलेला असेल, कळलावीचे सगळे कांदे खाली, तेरड्याचं बी खाली. बोलली तर ही गौर इथे, या रिक्षात, गेली. आणि दुसरी आणायची तर त्याच बांधावरून आणायची, दुसरा बांध तिने शहरभर शोधून झाला होता. तिला एकदम वाटलं की हे कुणीतरी मुद्दाम तिच्यासाठी रचलंय, आणि मग वाटलं, कुणी कशाला रचायला हवं, आपणच आयुष्यभर असं बसलोय. तिला सापाची आठवण झाली. तेव्हा तिने विचार केला नव्हता. तोंडाला कुलूप नव्हतं म्हणून एक पोरगं वाचलं होतं, आणि ते पोरगं आज तिच्या कुलपाची किल्ली खिशात घालून फिरत होतं.

सकाळपासून तोंड मिटलेलं, जीभ टाळूला चिकटलेली.

"रामू," ती म्हणाली. आवाज खरखरीत आला, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा. "रिक्षा फिरव."

रामू दचकून मागे वळला. "भाभी, आप तो बोल दीं." त्याचा चेहरा खरोखर उतरला होता. "अब तो गौर..."

"हां. फिरव. वो आगे कट है, उधर से."

फोन पुन्हा वाजला. तिने सूप एका हाताने धरलं, दुसऱ्या हाताने पर्समधून फोन काढला.

"रुचिका, गौर उशिरा येल."

"आई, तुम्ही बोलताय?"

"हो, बोलतेय."

"मग आता... बाबांना काय सांगू? सगळे वाट बघतायत."

"सांग, दुसरी आनते म्हनून." आणि मग, जे तिने कधी म्हटलं नव्हतं ते, "आज जरा माझा त्रास होऊ दे सगळ्यांना."

डंपरच्या मागे मागे रिक्षा चालली, लाल चिखल काचेवर उडत होता, आणि प्रत्येक सिग्नलला तिला वाटत होतं की तो पुढचा एक आपल्याआधी पोचणार. राग इतका जुना होता की त्याला नवं कारण पुरत नव्हतं. आईचा होता, सासूचा होता, केसरीनाथच्या 'तुझं तू बघ'चा होता, आणि सगळ्यांत जास्त तिच्या स्वतःच्या 'बघू'चा. सुपातला तेरडा मान टाकू लागला होता. तेरडा फार वेळ टिकत नाही, हे एरवी तिच्या ध्यानात असतं आणि ती देठांना ओलं फडकं गुंडाळते. आज फडकं विसरली होती.

पोचली तेव्हा एक डंपर रिकामा होऊन उभा होता. बांधाच्या वरच्या टोकाला, जिथे तिने कांदा खणून रिकामी केलेली जागा होती तिथे, लाल ढीग पडला होता. ढिगातून तेरड्याचे दोन-तीन गुलाबी शेंडे बाहेर आले होते. खालचा, ओहळाकडचा बांध अजून होता, करवंदीही होती, आणि दुसरा डंपर मागे मागे सरकत तिकडेच येत होता. कमळने सूप डोक्यावर घेतलं नाही. कमरेवर घेतलं, पाण्याच्या कळशीसारखं, आणि ती डंपरच्या मागे जाऊन उभी राहिली. ड्रायव्हरने आरशात पाहून ब्रेक मारला आणि शिवी गिळली.

मनोज अंगणातून पळत आला. मागून पांढऱ्या शर्टातला माणूस.

"आक्का, अगं काय झाला? परत कशी आलीस?"

"मन्या," ती म्हणाली.

तो जागच्या जागी थांबला. त्याच्या तोंडावर भीती आली, खरीखुरी, लहानपणची. त्याने चटकन ओठांवर बोट ठेवलं. "आक्का, बोलू नको. हातात गौर हाय."

त्याला जमिनीची नाही, गौरीची भीती वाटली होती. म्हणजे त्याचा त्या नेमावर विश्वास होता. सकाळीही होता. विश्वास होता म्हणूनच तर त्याने तिला तिथे गाठलं होतं. हे कळल्यावर कमळचा उरलासुरला संकोच गळून पडला, आणि जे राहिलं ते अगदी साधं होतं. तिने वाकून सूप भुईवर ठेवलं, चिखलात, त्या लाल ढिगाच्या कडेला. दिपाली अंगणातून "अगं अगं" म्हणाली.

"सूप खाली ठेवला," कमळ म्हणाली. "तोंड उघडा हाय. आता इचार, सकाळी इचारलास ते. साहेबांसमोर इचार."

मनोजने साहेबाकडे पाहिलं. साहेबाने मनोजकडे. डंपरचा ड्रायव्हर खिडकीतून वाकून पाहत होता, त्याला घाई होती.

"इचार ना. मी काय पळत न्हाय. एकदा या बांधावर मी बोलले होते, म्हनून तू आज हायस. तेव्हा पन हातात गौर होती."

मनोजने मान खाली घातली. त्याची नजर ढिगाच्या पायथ्याशी गेली, जिथे पूर्वी बीळ होतं आणि आता नुसता मुरूम होता. ओठ हलले, पण शब्द आला नाही. कमळ थांबली. सकाळी तो तिच्यासाठी जेवढा थांबला होता, तेवढी ती थांबली, मग त्याहून थोडी जास्त. मग ती पांढऱ्या शर्टाकडे वळली.

"बघा साहेब," ती म्हणाली. "मनोजचं काय म्हननं न्हाय. माझं हाय. माझी हरकत हाय."

तिने सुपातला मलूल तेरडा दोन्ही हातांनी उचलला, ओहळापाशी गेली आणि पाण्यात सोडला. कळलावीचे हात थोडा वेळ करवंदीच्या मुळांना अडकले आणि मग सुटले. सूप तिने पाण्यात धुऊन घेतलं आणि बांधावर तेरड्याच्या मध्ये बसली. मागे डंपरचं इंजिन चालूच होतं, आणि तो साहेब फोनवर कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होता. पहिला तेरडा मोडला की तोंड मिटणार होतं. डंपर निघून जाईपर्यंत ती तो मोडणार नव्हती, आणि तिकडे कामतघरला रुचिका पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात उभी होती.